सागवानी ठेव : मुंबईची गोदी आणि तिची जहाजे

हिशेबशास्त्राच्या दृष्टीने जहाज ही घसारा लागणारी मालमत्ता होय. बांधणीचा खर्च ठरावीक वर्षांत वाटून टाकायचा, दरवर्षी पुस्तकी किंमत थोडी थोडी कमी करीत जायचे आणि शेवटी भंगाराचे मूल्य वसूल झाले की त्या जहाजाचे खाते बंद करायचे, अशी ही सरळ रीत आहे. जगातील बहुतेक सर्व जहाजांची जीवनकथा या रीतीने कोठे तरी भंगाराच्या धक्क्यावर संपते. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या बंदरात मात्र या नियमाला अपवाद ठरलेले एक जहाज उभे आहे. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका दोनशे वर्षे उलटून गेली तरी अद्याप पाण्यावर तरंगत आहे. तरंगत्या स्थितीत असलेली ती ब्रिटनची सर्वांत जुनी युद्धनौका होय. तिचे लाकूड मलबारच्या जंगलातील सागाचे आणि तिला आकार देणारे हात मुंबईच्या सुतारांचे होते.

याच गोदीत बांधली गेलेली तिची अनेक भावंडे तिच्यापेक्षा मोठी होती, अधिक पराक्रमी होती आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची नावे ठळक अक्षरांत आली. तरीही ती सर्व काळाच्या उदरात गडप झाली. ही एकच का उरली? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका गोदीचा, एका घराण्याचा आणि जुन्या वस्तू जपण्याच्या व्यवहाराचा मोठा उद्बोधक इतिहास समोर येतो.

सुरतेहून मुंबईस

अठराव्या शतकाच्या आरंभी पश्चिम किनाऱ्यावर जहाजबांधणीचे प्रमुख केंद्र होते सुरत. तेथील पारशी सुतारांची कीर्ती दूरवर पसरली होती. ईस्ट इंडिया कंपनीने आपले पश्चिम भारतातील मुख्य ठाणे सतराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईस हलविले, तरी जहाजांसाठी तिला सुरतेकडेच पाहावे लागे. इकडे कोकण किनाऱ्यावर आंग्र्यांच्या आरमाराचा दरारा होता. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये निवर्तले, तथापि त्यांच्या पुत्रांच्या काळातही कंपनीच्या व्यापारी गलबतांना सशस्त्र संरक्षणावाचून या किनाऱ्याने जाणे धोक्याचेच होते. लढाऊ जहाजे हवीत आणि ती बांधण्याची व दुरुस्त करण्याची सोय मुंबईतच हवी, ही कंपनीची निकड होती.

या निकडीतून १७३५-३६ च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया हे कुशल कारागीर काही सुतारांसह सुरतेहून मुंबईस आले. येथून पुढे सुमारे दीडशे वर्षे, पिढ्यामागून पिढ्या, मुंबईच्या गोदीतील मुख्य जहाजबांधणीकाराचे पद या एकाच घराण्याकडे राहिले. लवजींनंतर त्यांचे पुत्र माणेकजी आणि बमनजी, त्यांच्यामागून फ्रामजी माणेकजी आणि जमशेटजी बमनजी, आणि पुढे नवरोजी जमशेटजी अशी ही परंपरा चालत गेली. या काळात गोदीतून लहानमोठी तीनशेहून अधिक जहाजे बाहेर पडली.

मुंबईच्या बंदराला निसर्गाने एक देणगी दिली आहे. येथे भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चांगलाच फरक पडतो. सुकी गोदी बांधावयास ही गोष्ट फार सोयीची. दगडी भिंतींचा एक खोल हौद किनाऱ्यालगत बांधायचा. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरू द्यायचे आणि दरवाजे बंद करायचे. उरलेले पाणी उपसून टाकले की जहाजाचा तळ कारागिरांसमोर मोकळा होतो. अशी पहिली सुकी गोदी मुंबईत १७५० मध्ये तयार झाली आणि आशियातील या पद्धतीची ती पहिली गोदी मानली जाते. १७६५ पर्यंत तिला लागून आणखी दोन गोद्या उभ्या राहिल्या. पुढे मोठ्या युद्धनौकांसाठी बांधलेल्या गोदीला गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे नाव मिळाले.

गोदी बांधण्याची विद्या या किनाऱ्याला नवीन होती, असे मात्र नव्हे. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खाडीच्या काठी खडक फोडून तयार केलेल्या मराठा आरमाराच्या गोदीचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या आरमाराने विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांची जहाजे तेथेच जळून नष्ट झाली. त्यानंतर या किनाऱ्यावर कंपनीच्या जहाजांना तोडीस तोड असा प्रतिस्पर्धी उरला नाही आणि जहाजबांधणीचे केंद्र म्हणून मुंबईचे महत्त्व वाढतच गेले.

ओक आणि साग

मुंबईच्या गोदीचे भाग्य खऱ्या अर्थाने उजळले ते नेपोलियनशी झालेल्या युद्धांच्या काळात. ब्रिटनच्या युद्धनौका ओक वृक्षाच्या लाकडाच्या असत आणि अशा एका नौकेसाठी किती लाकूड लागत असे याची कल्पना नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’वरून येते. तिच्या बांधणीत सुमारे सहा हजार झाडे खर्ची पडली. सततच्या युद्धांमुळे इंग्लंडमधील जुन्या ओकांचा साठा आटत चालला, तेव्हा ब्रिटिश नौदलाची दृष्टी मलबारच्या सागवानाकडे वळली.

साग आणि ओक यांत एक महत्त्वाचा भेद आहे. ओकच्या लाकडातील आम्लामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे आणि बोल्ट गंजतात, आणि लोखंड गंजले की त्याच्या भोवतीचे लाकूडही कुजू लागते. सागाच्या अंगी नैसर्गिक तेल असते. ते लोखंडाला जपते आणि वाळवी व कुजणे यांनाही दाद देत नाही. ओकच्या जहाजाला दहा-बारा वर्षांत मोठी दुरुस्ती लागावी आणि सागवानी जहाजाने पन्नास वर्षे बिनघोर चालावे, असा त्या काळच्या जाणत्यांचा हिशेब होता. घसाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे, तर सागवानी जहाजाचा वार्षिक घसारा ओकच्या जहाजाच्या मानाने अत्यल्प होता.

लाकडाइतकेच महत्त्व कारागिरीला होते. एका फळीच्या कडेला खाच पाडून दुसरीची कड तीत घट्ट बसवायची आणि मध्ये डांबर-राळेत भिजविलेला कापूस भरायचा, ही सुरतेच्या सुतारांची जुनी पद्धत होती. अशा रीतीने जोडलेल्या फळ्यांतून पाणी झिरपणे दुरापास्त असे. जहाजाचा कणा ठेवताना त्यात चांदीचा खिळा ठोकण्याचा पारशी विधी या गोदीत श्रद्धेने पाळला जाई. मुख्य बांधणीकार आणि सामान्य सुतार हे सर्व अनुभवसिद्ध ज्ञानावर काम करीत. लंडनमधील ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात जमशेटजी बमनजींचे एक तैलचित्र आहे. त्यात त्यांच्या कमरेच्या शेल्यात एक चांदीची मोजपट्टी खोचलेली दिसते. कंपनीने गौरवादाखल दिलेली ही पट्टी म्हणजे एका कारागिराच्या अचूकपणावरील विश्वासाची जणू पावतीच होय.

या वैभवाची किंमत जंगलांनी मोजली, हेही विसरता कामा नये. मलबारचा साग इतक्या वेगाने तोडला जाऊ लागला, की १८०६ मध्ये कंपनीला त्या वनांसाठी एक संरक्षक अधिकारी नेमावा लागला. त्याचे मुख्य काम नौदलाला लाकडाचा पुरवठा अखंड ठेवणे हेच होते. त्यामुळे तोड थांबली नाही. अखेर १८४० च्या दशकात निलांबूर येथे मलबारचे कलेक्टर कॉनोली यांच्या पुढाकाराने आणि चाथू मेनन यांच्या देखरेखीखाली सागाची पद्धतशीर लागवड सुरू झाली. मुद्दल खाऊन झाल्यावर पुन्हा ठेव ठेवण्याचाच हा प्रकार होता. या लागवडीचा एक भाग आजही ‘कॉनोलीचा तुकडा’ म्हणून जपून ठेवलेला आहे.

भावंडांची कहाणी

१८१० मध्ये जमशेटजी बमनजींनी ‘मिंडन’ ही ७४ तोफांची युद्धनौका पूर्ण केली. इतक्या मोठ्या श्रेणीची ब्रिटिश युद्धनौका ब्रिटनबाहेर बांधली जाण्याचा तो पहिलाच प्रसंग. अमेरिकेचे राष्ट्रगीत १८१४ मध्ये याच जहाजावर लिहिले गेले, अशी एक कथा मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. ती खरी नाही. त्या वेळी ‘मिंडन’ पूर्वेकडील समुद्रात होती. तिची खरी कामगिरी मात्र काही कमी नव्हती. १८११ च्या जावा मोहिमेत आणि १८१६ च्या अल्जीअर्सच्या तोफमाऱ्यात तिने भाग घेतला. उतारवयात ती हाँगकाँगच्या बंदरात तरंगते रुग्णालय झाली आणि १८६१ मध्ये भंगारात विकली गेली. हाँगकाँगमधील दोन रस्त्यांना आजही तिचे नाव आहे.

१८१३ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘कॉर्नवॉलिस’च्या डेकवर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला आणि चीनला हाँगकाँग बेट ब्रिटनच्या हवाली करावे लागले. अफूच्या व्यापारासाठी लढल्या गेलेल्या युद्धाचा हा शेवट होता. मुंबईच्या कारागिरांचे कौशल्य आणि साम्राज्याची हाव यांची गाठ येथे पडलेली दिसते. या जहाजांचा अभिमान बाळगताना ती कोणाच्या हातातील शस्त्रे होती, याचेही भान ठेवणे उचित ठरेल. हीच ‘कॉर्नवॉलिस’ पुढे शीअरनेस येथे धक्का म्हणून वापरली गेली आणि १९५७ मध्ये मोडीत निघाली.

१८१५ च्या ‘वेलस्ली’ने १८३९ मध्ये कराची बंदर ताब्यात घेण्याच्या मोहिमेत भाग घेतला. लढाईचे दिवस संपल्यावर तिचे नाव बदलून थेम्स नदीत मुलांचे प्रशिक्षण जहाज म्हणून तिचा उपयोग होऊ लागला. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात ती बुडाली. शिडांच्या युगातील या श्रेणीची युद्धनौका शत्रूच्या हल्ल्यात बुडण्याचा हा जगातील शेवटचा प्रसंग होय. नवरोजी जमशेटजींनी बांधलेली १८२४ ची ‘एशिया’ ही १८२७ च्या नॅव्हरिनोच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापतीची ध्वजनौका होती. ग्रीसच्या स्वातंत्र्याच्या इतिहासात या लढाईला मानाचे स्थान आहे. १८२१ ची ‘गँजेस’ पुढे कित्येक वर्षे नौदलात भरती होणाऱ्या मुलांची शाळा झाली आणि १९३० मध्ये तिचीही मोडतोड झाली.

या सर्व कहाण्यांतून एक सूत्र स्पष्ट होते. तोफा उतरविल्यानंतरही ही जहाजे कित्येक दशके टिकली, कारण त्यांना काही ना काही काम मिळत राहिले. कोणी रुग्णालय झाले, कोणी धक्का झाले, कोणी शाळा झाली. ज्या दिवशी ते काम संपले, त्या दिवसापासून त्यांचा शेवट जवळ आला.

ट्रिंकोमालीचे दीर्घायुष्य

‘ट्रिंकोमाली’च्या जन्माआधीच एक विघ्न आले. तिचे आराखडे घेऊन मुंबईकडे निघालेल्या ‘जावा’ या ब्रिटिश जहाजाची १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी गाठ पडली. ‘जावा’ नष्ट झाले आणि आराखडेही गेले. नवे आराखडे येऊन १८१६ मध्ये कणा घातला जाईपर्यंत नेपोलियनचा पाडाव होऊन गेला होता. ज्या युद्धासाठी जहाज हवे होते, ते युद्धच संपले होते.

१८१९ मध्ये ती इंग्लंडमधील पोर्टस्मथ बंदरात पोहोचली आणि तिला सरळ राखीव ताफ्यात बांधून ठेवण्यात आले. डोलकाठ्या उतरविल्या गेल्या आणि डेकवर छप्पर घातले गेले. ही स्थिती पाव शतकाहून अधिक काळ टिकली. ओकची नौका असती, तर एवढ्या काळात ती आतून पोखरून निघाली असती. सागवानी ‘ट्रिंकोमाली’ १८४७ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, फेरफार करून प्रथमच सेवेत दाखल झाली. उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीज येथील सेवेनंतर १८५२ ते १८५७ या काळात ती प्रशांत महासागरात होती. उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या आणि परत न आलेल्या फ्रँकलिन यांच्या मोहिमेचा शोध घेणाऱ्या जहाजांना रसद पोहोचविण्यासाठी ती बेरिंग सामुद्रधुनीपर्यंत जाऊन आली. मोठी लढाई तिच्या वाट्याला आलीच नाही.

पुढे १८६० च्या दशकापासून ती राखीव नौसैनिकांचे कवायत जहाज झाली. त्या कामात काही वर्षे तिचा मुक्काम हार्टलपूल येथेच होता. १८९७ मध्ये नौदलाने तिला भंगारासाठी विकले. याच वर्षी जून महिन्यात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर एक दुर्घटना घडली होती. नेल्सनची एके काळची ध्वजनौका ‘फूड्रॉयंट’ भंगारवाल्यांकडून सोडवून आणणारे जेफ्री व्हीटली कॉब नावाचे धनिक गृहस्थ होते. वादळात त्यांचे ते जहाज किनाऱ्यावर आदळून फुटले. त्याची जागा घेण्यासाठी त्यांनी ‘ट्रिंकोमाली’ विकत घेतली आणि तिचे नाव ‘फूड्रॉयंट’ असे ठेवले. आपले मूळ नाव गमावून मुंबईची ही नौका वाचली. पुढील जवळजवळ नव्वद वर्षे, १९८६ पर्यंत, मुलामुलींना समुद्रजीवनाचे धडे देणारी तरंगती शाळा म्हणून ती वापरात राहिली.

पोर्टस्मथला तिच्या शेजारी ‘इम्प्लॅकेबल’ हे आणखी एक जुने जहाज उभे असे. फ्रान्समध्ये १८०० मध्ये बांधलेली ही नौका १८०५ मध्ये ब्रिटिशांनी जिंकली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या दुरुस्तीचा खर्च कोणी उचलावयाचा, या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. २ डिसेंबर १९४९ रोजी ब्रिटन आणि फ्रान्स या दोन्ही देशांचे ध्वज फडकवून तिला सन्मानाने समुद्रात बुडविण्यात आले. या घटनेने अनेकांना हळहळ वाटली आणि जुनी जहाजे वाचविण्याच्या चळवळीला तेथे बळ मिळाले. लंडनजवळची ‘कटी सार्क’ ही प्रसिद्ध चहावाहू नौका वाचली, त्यामागे या हळहळीचा मोठा वाटा होता. एकाच धक्क्यालगत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन नौकांपैकी एक तळाशी गेली आणि दुसरी तरली.

१९८७ मध्ये ‘ट्रिंकोमाली’ला हार्टलपूलला आणण्यात आले. तेथील जहाजबांधणीचा उद्योग त्याआधीच बंद पडला होता आणि गाव बेरोजगारीने ग्रासले होते. १९९० मध्ये सुरू झालेले जीर्णोद्धाराचे काम २००१ मध्ये पूर्ण झाले. त्यावर एक कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला. तपासणीत असे आढळले, की सांगाड्यातील साठ टक्क्यांहून अधिक लाकूड मूळचेच, म्हणजे १८१७ चे, आहे. तिला तिचे मूळ नाव परत मिळाले आणि आज तेथील नौदल संग्रहालयाचे ती प्रमुख आकर्षण आहे.

चॅटमचा धडा

जहाजांप्रमाणेच गोद्यांचेही आयुष्य संपते. इंग्लंडमधील मेडवे नदीकाठची चॅटम येथील शाही गोदी हे याचे ठळक उदाहरण. सोळाव्या शतकात स्थापन झालेल्या या गोदीत ‘व्हिक्टरी’चा कणा १७५९ मध्ये घातला गेला आणि १७६५ मध्ये ती पाण्यात उतरली. या गोदीशी मुंबईचेही एक नाते आहे. वाफेच्या युगाची चाहूल लागताच वाडिया घराण्यातील जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण १८३८ मध्ये इंग्लंडला गेले आणि चॅटमच्या गोदीत त्यांनी जहाजबांधणीचे शिक्षण घेतले. आपल्या अडीच वर्षांच्या वास्तव्यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक १८४१ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्याच घराण्यातील अर्देशीर खुरशेदजी हे लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. तत्पूर्वी, १८२९ मध्येच, मुंबईच्या गोदीत ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट तयार झाली होती आणि १८३० मध्ये मुंबईहून निघून सुमारे महिन्याभरात सुएझला पोहोचली होती. नव्या तंत्राकडे या घराण्याने पाठ फिरविली नाही. पण लोखंड आणि पोलाद यांचा जमाना आला, त्यांचे कारखाने ब्रिटनमध्ये होते आणि सागवानी जहाजांची मागणी हळूहळू नाहीशी झाली. मुंबईची गोदी प्रामुख्याने दुरुस्तीचे केंद्र बनली. वाडिया घराण्यातील शेवटचे मुख्य बांधणीकार १८८० च्या दशकात निवृत्त झाले.

चॅटमची गोदी मात्र चालू राहिली आणि ३१ मार्च १९८४ रोजी, चारशेहून अधिक वर्षांच्या सेवेनंतर, बंद झाली. हजारो कामगार एकाच वेळी बेकार झाले. त्या जागेवर इमारती उभ्या करून पैसा कमावणे सोपे होते. परंतु गोदीचा सर्वांत जुना भाग एका विश्वस्त संस्थेकडे सोपविण्यात आला. तेथे सुमारे ३४६ मीटर लांबीच्या दोरखान्यात आजही जुन्या पद्धतीने दोर वळले जातात आणि विकलेही जातात. १८७८ ची ‘गॅनेट’, दुसऱ्या महायुद्धातील ‘कॅव्हेलियर’ ही विनाशिका आणि १९६२ ची ‘ऑसेलॉट’ ही पाणबुडी तेथे पाहावयास मिळतात. ‘गॅनेट’चा सांगाडा लोखंडी असून त्यावरील फळ्या सागवानी आहेत. ती वाचली, त्याचे कारणही ओळखीचेच आहे. अनेक दशके ती एका प्रशिक्षण शाळेतील मुलांचे वसतिगृह होती. आणि या गोदीच्या प्रवेशद्वाराजवळ मुंबईच्या एका जहाजाचीही खूण आहे. थेम्समध्ये बुडालेल्या ‘वेलस्ली’च्या नाळेवरील कोरीव मूर्ती तेथे उभी आहे.

आपल्या किनाऱ्यावर

हा सर्व इतिहास वाचताना मन आपल्या किनाऱ्याकडे वळल्यावाचून राहत नाही. भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’ १९६१ मध्ये नौदलात दाखल झाली आणि १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात तिने मोलाची कामगिरी बजावली. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली. २००१ ते २०१२ या काळात मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी होती आणि शाळकरी मुलांसह असंख्य नागरिकांनी तिला भेट दिली. पुढे सुरक्षिततेच्या कारणास्तव ते बंद झाले, कायमच्या देखभालीची सोय होऊ शकली नाही आणि २०१४ मध्ये साठ कोटी रुपयांना तिचा लिलाव झाला. मुंबईतील दारूखाना येथे ती तोडली गेली. तिच्या धातूपासून घडविलेले स्मारक २०१६ मध्ये नौदल गोदीच्या लायन गेटजवळ उभारण्यात आले. तिचे नाव आता २०२२ मध्ये दाखल झालेली, कोचीत बांधलेली नवी विमानवाहू नौका चालवीत आहे. २०१७ मध्ये निवृत्त झालेल्या ‘विराट’साठी सिंधुदुर्ग किनाऱ्यावर संग्रहालयाची योजना पुढे आली होती. ती प्रत्यक्षात उतरली नाही आणि २०२० मध्ये ‘विराट’ अलंगच्या किनाऱ्याला लागली.

याउलट विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरील ‘कुरसुरा’ ही पाणबुडी पाहावी. १९६९ ते २००१ अशी तिची सेवा झाली. २००२ मध्ये तिला वाळूवर कायमचे स्थानापन्न करून संग्रहालयाचे रूप देण्यात आले. शहराच्या मध्यवर्ती किनाऱ्यावर असल्यामुळे प्रेक्षकांचा ओघ कायम राहतो आणि सेवेतून निवृत्त झालेले नौसैनिक तेथे माहिती देताना दिसतात. आकाराने ‘विक्रांत’च्या तुलनेत ती अगदी लहान. पण लहान असल्यामुळेच तिचा खर्च आवाक्यात राहिला आणि तिला रोजचे काम मिळाले.

भावना आणि खर्च

जुने जहाज वाचवावे असे सर्वांनाच वाटते. ‘इम्प्लॅकेबल’ बुडताना हळहळणाऱ्यांची संख्या मोठी होती आणि ‘विक्रांत’च्या वेळीही न्यायालयापर्यंत प्रयत्न झाले. पण लाकूड कुजते, लोखंड गंजते आणि डोलकाठीवरील दोर दरवर्षी बदलावे लागतात. एकदाच गोळा केलेल्या देणगीतून जहाज रंगविता येते, जगविता येत नाही. त्यासाठी दरवर्षी येणारे उत्पन्न हवे आणि ते उत्पन्न देणारा एखादा उपयोग हवा. कॉब यांनी ‘ट्रिंकोमाली’ विकत घेतली, पण तिला वाचविले ते तिच्यावर शिकलेल्या मुलांच्या पिढ्यांनी.

मुंबईच्या जुन्या गोद्या आजही नौदलाच्या हद्दीत आहेत. संरक्षणाच्या दृष्टीने तेथे सर्वसामान्यांना मुक्त प्रवेश नसतो, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे ज्या ठिकाणी ‘ट्रिंकोमाली’चा कणा घातला गेला, ते ठिकाण फारच थोड्या मुंबईकरांनी पाहिले असेल. फोर्टमधून रोज कचेरीला ये-जा करणाऱ्या हजारो लोकांना लायन गेटच्या भिंतीपलीकडे हा इतिहास आहे, याची कल्पनाही नसते. त्यांच्यापैकी कोणी इंग्लंडला गेला, तर हार्टलपूलला जाऊन त्या जहाजाच्या डेकवर अवश्य उभे राहावे. पायाखालच्या जुन्या फळ्यांपैकी काहींवरून मुंबईच्या सुतारांचे रंधे फिरले आहेत. दोनशे वर्षांपूर्वी त्यांनी ठेवलेली ही ठेव अद्याप सुस्थितीत आहे, आणि तिच्या देखभालीचा खर्च आजही दरवर्षी कोणी तरी नियमाने भरीत आहे.